‘द विझर्ड ऑफ ऑझ’ : चुका आणि त्यांचे मोल

चित्रपटातील चुका हुडकून काढणे हा आता एक स्वतंत्र छंद होऊन बसला आहे. नायकाच्या हातातील पेला एका क्षणी भरलेला आणि दुसऱ्या क्षणी रिकामा कसा, नायिकेच्या कपाळावरील बट डावीकडून उजवीकडे केव्हा गेली, असे प्रश्न विचारणारी मुले घरोघर आढळतात. वडीलधाऱ्यांना त्यांचे कौतुक वाटते, आणि ते अस्थानी नाही. डोळे उघडे ठेवून पाहणे ही सद्गुणाचीच खूण होय. तथापि चूक दिसली म्हणजे कलाकृती समजली, असा जो एक समज या छंदातून फोफावतो, त्याची तपासणी व्हावयास हवी. त्यासाठी आम्ही एक सर्वपरिचित चित्रपट निवडला आहे. मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकन संस्थेने १९३९ साली पडद्यावर आणलेला ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ हा तो अद्भुतरम्य साहसपट. त्यात चुका विपुल आहेत, आणि तरीही ऐंशीहून अधिक वर्षे तो लहानथोरांच्या मनावर राज्य करीत आहे. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावयाचा, हाच आमच्यापुढील प्रश्न आहे.

कथा थोडक्यात अशी. कॅन्सस प्रांतातील एका शेतावर काकाकाकूंजवळ राहणारी डोरथी ही मुलगी आपल्या टोटो नावाच्या कुत्र्यासह चक्रीवादळात सापडते आणि घरासकट ऑझ नावाच्या अद्भुत देशात जाऊन पडते. घरी परतण्यासाठी तिला पाचूनगरीच्या जादूगाराची भेट घ्यावयाची असते. वाटेत तिला तीन सोबती मिळतात. बुजगावण्याला मेंदू हवा असतो, पत्र्याच्या माणसाला हृदय हवे असते आणि भित्र्या सिंहाला धैर्य. दुष्ट चेटकीण त्यांच्या मागावर असते, कारण डोरथीच्या पायांत माणकांचे जादूचे जोडे असतात. एल. फ्रँक बॉम यांच्या १९०० सालच्या पुस्तकावरून ही कथा घेतलेली आहे. पुस्तकात ते जोडे चांदीचे होते. रंगीत पडद्यावर ते खुलून दिसावेत म्हणून चित्रपटात ते लाल झाले.

चुकांची मोजदाद

प्रथम डोळ्यांना दिसणाऱ्या चुका पाहू. आरंभीच डोरथी डुकरांच्या खोड्यात पडते. शेतावरचा गडी तिला उचलून बाहेर काढतो, पण तिच्या झग्याला चिखलाचा डाग नाही! पुढे मक्याच्या शेतात बुजगावण्याशी तिची गाठ पडते. त्या एकाच दृश्यात तिच्या वेण्यांची लांबी कमीजास्त होते. कधी त्या खांद्याशी संपतात, कधी छातीपर्यंत रुळतात आणि पुन्हा आखूड होतात. सफरचंदाची झाडे चिडून फळे फेकू लागतात, तेव्हा नीट पाहणाऱ्यास डोरथीच्या पायांत माणकांच्या जोड्यांऐवजी काळे बूट दिसतात. भुताटकीच्या रानात शिरताना बुजगावण्याच्या हाती चक्क पिस्तूल आहे, आणि सिंहाजवळ जाळे व कीटकांवर फवारणी करण्याचा पंप आहे. ही आयुधे कोठून आली आणि पुढे कोठे गेली, याचा पत्ता लागत नाही.

याच रानातील आणखी एक विसंगती कानांना जाणवते. चेटकीण आपल्या पंखवाल्या माकडांच्या सेनापतीला सांगते की, या मंडळींची रग जिरविण्यासाठी एक लहानसा किडा आपण पुढे धाडला आहे. तो किडा मात्र पडद्यावर कधीच येत नाही. त्याचे कारण असे की, तो किडा चावून सर्वांना नाचावयास लावतो, असे एक संपूर्ण गीतनृत्य चित्रित झाले होते. प्रदर्शनापूर्वीच्या चाचणी खेळानंतर लांबी कमी करण्यासाठी ते कापण्यात आले. नृत्य गेले, त्याची वर्दी देणारे वाक्य तेवढे राहिले. भिंत पाडल्यावर तिच्यावरचा खिळा हवेत लोंबत राहावा, तसा हा प्रकार झाला.

या चुका का होतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे. चित्रपट कथेच्या क्रमाने चित्रित होत नाही. एका दृश्याचे तुकडे निरनिराळ्या दिवशी घेतले जातात आणि नंतर जोडले जातात. पोशाख, केस, हातातील वस्तू यांचा मेळ तुकड्यातुकड्यांत राहावा यासाठी टिपणे ठेवणारा स्वतंत्र माणूस नेमलेला असतो. या मेळालाच चित्रपटाच्या व्यवसायात ‘कंटिन्यूइटी’ म्हणतात. आपण त्यास ‘सलगता’ म्हणू. ‘ऑझ’च्या बाबतीत ही सलगता सांभाळणे विशेष कठीण होते. ऑक्टोबर १९३८ ते मार्च १९३९ एवढा दीर्घ काळ चित्रीकरण चालले. पहिले दिग्दर्शक रिचर्ड थॉर्प यांना सुमारे दोन आठवड्यांत दूर करण्यात आले. त्यांनी जुडी गारलंडला सोनेरी केसांचा टोप आणि भडक रंगभूषा दिली होती. काही दिवसांपुरते आलेल्या जॉर्ज क्यूकर यांनी ती उतरविली आणि डोरथीला साधी खेड्यातली मुलगी केले. त्यानंतर व्हिक्टर फ्लेमिंग यांनी चित्रपटाचा बहुतेक भाग घेतला, पण तेही ‘गॉन विथ द विंड’ पुरा करण्यासाठी गेले आणि कॅन्ससमधील दृश्ये किंग व्हिडॉर यांनी चित्रित केली. नामावलीत दिग्दर्शक म्हणून एकट्या फ्लेमिंग यांचे नाव आहे. मक्याच्या शेतातील ज्या दृश्यात वेण्या लांबआखूड होतात, त्याच दृश्यातील बुजगावण्याचे एक मोठे नृत्य पुढे कापले गेले. इतके हात लागलेल्या आणि इतक्या ठिकाणी कातरलेल्या वस्त्राचा एखादा टाका उसवलेला दिसला, तर त्यात नवल ते कोणते?

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा चित्रपट चित्रपटगृहात एकदा, फार तर दोनदा पाहण्यासाठी केलेला होता. १९५६ साली तो अमेरिकेत प्रथम दूरचित्रवाणीवर दाखविला गेला आणि पुढे घरी कॅसेट आली. दृश्य थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पाहण्याची सोय झाली. वेण्यांची लांबी मोजणारा प्रेक्षक या यंत्राने जन्माला घातला. करणाऱ्यांनी ज्याची कल्पनाही केली नव्हती अशा नजरेपुढे ते काम उभे राहिले. नाताळच्या नाटिकेत तिसऱ्या राजाची दाढी किंचित घसरली म्हणून आपण गोठ्यापुढील दृश्याला नावे ठेवीत नाही. ‘ऑझ’मधील वेण्यांनाही तेवढी मुभा द्यावयास हरकत नसावी.

शिवाय ज्यांच्या हातून या चुका झाल्या, त्यांचेच एक बिनचूक काम याच चित्रपटात आहे, आणि ते बिनचूक असल्यामुळेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कॅन्सस तपकिरी छटेत आहे, ऑझ झळझळीत रंगांत. डोरथी घराचे दार उघडते आणि एका क्षणात तपकिरी जगातून रंगीत जगात पाऊल टाकते. हे साधले कसे? घराचा अंतर्भाग तपकिरी रंगाने रंगविला, तपकिरी झगा घातलेली बदली मुलगी पाठमोरी उभी केली आणि तिच्याकडून दार उघडविले. ती बाजूस सरताच निळ्या झग्यातील जुडी गारलंड पुढे आली. सारे चित्रण रंगीत फितीवरच झाले. एकाच पात्राचा वेष डोळ्यांदेखत बदलतो आणि आपणांस सांधा दिसत नाही. सलगतेचे नियम ज्यांना इतके नेमके ठाऊक होते, त्यांना निष्काळजी म्हणण्यापूर्वी दहादा विचार करावा.

कथेच्या भेगा

आता अधिक महत्त्वाच्या चुकांकडे वळू. वेण्या लांबल्या म्हणून कथेचे काही बिघडत नाही. परंतु कथेने स्वतः घातलेला नियम कथेनेच मोडला, तर मात्र तो दोष गंभीर होय. अशी तीन स्थळे आम्ही विचारार्थ घेतो.

पहिले स्थळ बुजगावण्याच्या गणिताचे. जादूगार त्याला मेंदू देत नाही, पदवीचा कागद देतो. कागद हाती पडताच बुजगावणे कपाळाला बोट लावून एक सिद्धान्त ठोकून देते. समद्विभुज त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची वर्गमुळे मिळविली असता उरलेल्या बाजूचे वर्गमूळ येते, असा त्याचा आशय. शाळेतील मूलही सांगेल की, पायथागोरसचा सिद्धान्त काटकोन त्रिकोणाविषयी आहे आणि त्यात वर्गांची बेरीज असते, वर्गमुळांची नव्हे. बुजगावण्याचा त्रिकोण तर काढताच येणार नाही. समान बाजू चार-चार एककांच्या धरल्या, तर त्यांची वर्गमुळे दोन आणि दोन, बेरीज चार. म्हणजे तिसरी बाजू सोळा एककांची हवी. परंतु दोन बाजू मिळून आठच होतात, त्या सोळाच्या टोकांपर्यंत पोहोचणार कशा? हे लेखकांच्या अनवधानाने झाले की हेतुपुरस्सर, याचा उलगडा चित्रपट करीत नाही. मात्र या चुकीने अर्थ बिघडत नाही, उलट तो गडद होतो. सफरचंदाच्या झाडांना चिडवून फळे मिळविण्याची युक्ती बुजगावण्याचीच होती. मेंदू नव्हता तेव्हा त्याची अक्कल चालत होती, आणि पदवी मिळताच पहिले वाक्य चुकीचे निघाले! पदवीच्या कागदालाच ज्ञान समजणाऱ्या समाजाला याहून मार्मिक चिमटा कोणता काढावा?

दुसरे स्थळ ग्लिंडा या भल्या चेटकिणीचे. जोड्यांच्या टाचा आपटल्या की घरी जाता येते, हे ती शेवटी सांगते. मग पहिल्याच भेटीत का सांगितले नाही? बिचाऱ्या मुलीला एवढी पायपीट आणि जिवावरची संकटे कशासाठी? या भेगेचे मूळ पुस्तकाशी ताडून पाहिल्यास सापडते. बॉम यांच्या पुस्तकात भल्या चेटकिणी दोन आहेत. आरंभी भेटते ती उत्तरेची, तिला जोड्यांचे रहस्य ठाऊकच नसते. शेवटी भेटते ती दक्षिणेची ग्लिंडा, तिला ते ठाऊक असते. चित्रपटकर्त्यांनी काटकसरीपायी दोघींची एक केली, आणि तिला रहस्य ठाऊक असूनही गप्प बसावे लागले. आधी सांगितले असते तर डोरथीचा विश्वास बसला नसता, ते तिचे तिलाच कळावयास हवे होते, अशी सारवासारव चित्रपट करतो. समर्थन काहीसे लंगडे आहे, पण निदान प्रश्नाची जाणीव त्यात आहे.

तिसरे स्थळ मात्र आम्हांस खरोखर खटकते, आणि चुका मोजणाऱ्यांच्या याद्यांत ते वेण्यांइतके गाजत नाही. कॅन्ससमध्ये मिस गल्च नावाची श्रीमंत बाई टोटोला ठार करविण्यासाठी सरकारी हुकूम घेऊन येते. काकाकाकू हताश होऊन कुत्रे तिच्या स्वाधीन करतात. एम काकूच्या मनात तेवीस वर्षे साठलेला संताप असतो, पण आपण ख्रिस्ती स्त्री आहोत म्हणून ती तोंड आवरते. टोटो टोपलीतून निसटतो, डोरथी त्याला घेऊन पळते आणि पुढचे सारे घडते. म्हणजे कथेची गाठ येथे बसली आहे. शेवटी डोरथी स्वप्नातून जागी होते, टोटो बिछान्यावर उडी मारतो, सर्वांना आनंद होतो. परंतु तो हुकूम? ती बाई? त्याविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. वादळात तिचे काही बरेवाईट झाले, असे तर्क प्रेक्षक करतात, पण चित्रपटात त्यास आधार नाही. मिस गल्च मूळ पुस्तकात नाही. ती पटकथेत नव्याने घातली गेली, आणि घालणाऱ्यांना तिचा शेवट करण्याचे भान राहिले नाही. घरासारखी दुसरी जागा नाही, असे डोरथी डोळ्यांत पाणी आणून म्हणते. पण ज्या घरातून तिचे सर्वस्व सरकारी कागद दाखवून नेता येते, ते घर निर्धास्त आहे काय, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. चित्रपटाचा खरा दोष आम्ही हाच मानतो. झग्याला चिखल लागला नाही, ही डोळ्याची फसगत झाली. येथे मुलीच्या दुःखालाच उत्तर दिलेले नाही.

चूक नव्हे, अफवा

चुका शोधण्याच्या नादाला आणखी एक काळोखी बाजू आहे. पत्र्याच्या माणसाच्या दृश्याच्या शेवटी मंडळी रस्त्याने नाचत निघतात, तेव्हा मागे झाडीत काहीतरी हलते. कॅसेटवरील अंधूक चित्र पाहून कोणी उठविले की, बुटक्या कलाकारांपैकी एकाने तेथे गळफास घेतला आणि ते दृश्य तसेच राहिले. ही कंडी जगभर पसरली. वस्तुस्थिती अशी की, रान खरे भासावे म्हणून तेथे मोठे पक्षी सोडलेले होते, आणि त्यांतील एक पंख पसरतो. स्वच्छ केलेल्या प्रतींत ते स्पष्ट दिसते. शिवाय बुटक्या कलाकारांची दृश्ये त्यानंतर चित्रित झाली. एका पक्ष्याचे प्रेत झाले आणि शेकडो माणसांच्या श्रमांवर एक खोटी साक्ष कायमची चिकटली. दिसले तेवढ्यावर न थांबता, न दिसलेले रचण्याचा मोह झाला की टीकेची निंदा होते.

दोष काढणाऱ्यांची नजर उलट्या दिशेनेही चुकते. कॅन्ससमधील शेतावर डोरथी इंद्रधनुष्यापलीकडच्या देशाचे जे गीत गाते, ते चाचणी खेळानंतर काढून टाकावे असे संस्थेतील काही अधिकाऱ्यांचे मत होते. कथा त्यामुळे रेंगाळते आणि आपल्या नायिकेने गोठ्याच्या आवारात गाणे शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे. निर्माते मर्व्हिन लरॉय आणि त्यांचे सहकारी आर्थर फ्रीड यांनी आग्रह धरला म्हणून ते वाचले. त्याच गीताला पुढे सर्वोत्कृष्ट गीताचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. चूक कोणती आणि प्राण कोणता, हे ओळखण्यास नुसती तीक्ष्ण नजर पुरत नाही.

पडद्यामागची माणसे

ज्या चुका पडद्यावर दिसतच नाहीत, त्यांचे काय? पत्र्याच्या माणसाची भूमिका प्रथम बडी एब्सेन या नटाकडे होती. त्यांच्या तोंडाला ॲल्युमिनियमची पूड फासली जाई. थोड्याच दिवसांत ती श्वासावाटे फुप्फुसांत गेली आणि त्यांना गुदमरलेल्या अवस्थेत रुग्णालयात न्यावे लागले. त्यांच्या जागी जॅक हेली आले. त्यांच्यासाठी पुडीऐवजी लेप करण्यात आला. दुष्ट चेटकिणीचे काम करणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन २३ डिसेंबर १९३८ रोजी भाजल्या. लाल धुराच्या लोटात चेटकीण अदृश्य होते, ते हे दृश्य. पहिल्या खेपेस ते बिनचूक उतरले होते आणि तेच आज चित्रपटात आहे. तरीही पुन्हा घेण्यात आले, आणि त्या वेळी त्या खालच्या चोरदारातून उतरण्यापूर्वीच आग भडकली. चेहरा व हात भाजून त्या सहा आठवडे अंथरुणावर होत्या. कामावर परतल्यावर आगीजवळ जाण्यास त्यांनी साफ नकार दिला. पुढे धूर सोडणाऱ्या झाडूवर त्यांच्या बदली स्त्रीला बसविले असता नळीचा स्फोट होऊन तीही जखमी झाली.

चुकांच्या याद्यांत वेण्या आहेत, बूट आहेत. हे त्यांत नाही, कारण पडद्यावर ते दिसत नाही. सलगता राखली गेली; एक नट गेला, दुसरा आला, रंग तोच, पोशाख तोच. तथापि एक खूण पुसावयाची राहिली. गाणी चित्रीकरणापूर्वीच ध्वनिमुद्रित झाली होती. पत्र्याच्या माणसाचे एकट्याचे गीत हेली यांनी नव्याने गायिले, परंतु जादूगाराच्या भेटीस निघालेल्या सोबत्यांचे जे समूहगान आहे, त्यात एब्सेन यांचा आवाज तसाच राहिला. हेली बोस्टनचे होते, त्यांच्या उच्चारात शब्दातील ‘र’ विरून जाई. समूहगानात मात्र तो ‘र’ ठणठणीत ऐकू येतो. काटेकोर भाषेत ही सलगतेची चूकच होय. परंतु ही चूक दुरुस्त झाली असती, तर एब्सेन यांच्या कष्टाचा एवढाही अंश चित्रपटात उरला नसता. इतर प्रमुख सोबत्यांहून अधिक आयुष्य लाभून ते २००३ साली निवर्तले.

माणकांच्या जोड्यांची पुढील हकीकतही नमूद करण्याजोगी आहे. चित्रीकरणासाठी त्यांचे एकाहून अधिक जोड केलेले होते. त्यांतील एक २००५ साली मिनेसोटातील संग्रहालयातून चोरीस गेला आणि २०१८ साली सापडला. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातील जोडाशी तो ताडून पाहिला, तेव्हा कळले की दोन्ही जोडांत अदलाबदल झालेली आहे. एकातील डावा दुसऱ्यातील उजव्याचा सोबती! इतकी वर्षे काचेआड मानाने ठेवलेल्या वस्तूतही सलगतेची चूक होती. म्हणून त्यांचे मोल उतरले नाही. सापडलेला तो जोड डिसेंबर २०२४ मध्ये लिलावात २ कोटी ८० लाख डॉलर बोलीला गेला.

या चित्रपटातच चूक पकडणारे एक पात्र आहे. जादूगाराच्या दरबारात अग्नी आणि गर्जना यांनी सारे थरथरत असताना टोटो शांतपणे कोपऱ्यातील पडदा दातांनी ओढतो. आत कळा फिरविणारा एक साधा म्हातारा दिसतो. डोरथी त्याला वाईट माणूस म्हणते. त्यावर त्याचे उत्तर असे की, आपण माणूस चांगले आहोत, जादूगार तेवढे वाईट. पडदा ओढण्याचे काम टोटोने केले, ते आवश्यकच होते. परंतु कथा तेथे थांबत नाही. पडद्यामागील माणसाला डोरथी जाब विचारते, त्याचे म्हणणे ऐकून घेते, आणि मग त्याचे मोल ठरविते.

आमच्या मते चित्रपट पाहणाऱ्या मुलांना घरात एवढे शिकविले तरी पुष्कळ झाले. वेणी लांबली हे त्यांनी खुशाल ओळखावे. त्यानंतर ती का लांबली असेल असे आपण त्यांना विचारावे, आणि मिस गल्चच्या हुकुमाचे पुढे काय झाले, हेही विचारावे. आणि पिवळ्या विटांच्या रस्त्यावरील ते समूहगान सुरू झाले की मुलांना क्षणभर गप्प करून त्या ठणठणीत ‘र’कडे कान द्यावयास सांगावे.